पिसूसाहेबांचे मासे

पिसूसाहेब बोलता बोलता झोपत. उभ्याउभ्याच, भिंतीला टेकून, हातात कोंबड्यांच्या वाळक्या शिटेची पाटी. जाग आली की वाक्य जिथं सुटलं तिथूनच पुढं चालू.

साहेब कसले, आरोग्य खात्यातले साधे नोकर. लढाईच्या दिवसांत नारूच्या बंदोबस्तासाठी त्यांना आमच्या पाथर्डीकडच्या गावात धाडलं होतं. मी संगमेश्वराकडून लग्न होऊन आलेली, चौथीतच शाळा सुटलेली. माहेरी पाणी दारात. इथं अख्खं गाव एकाच बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, आणि उन्हाळ्यात कुणा ना कुणाच्या पायातून नारूचा जंत पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर यायचा. आदल्या साली आमचे हे त्यानं अंथरुणाला खिळले होते. मुलगी नुकती पेल्यानं पाणी पिऊ लागलेली. साहेबांच्या सांगण्यावरून मी तिचं पाणी फडक्यानं गाळून देई, तरी तिच्या दर घोटाला माझा जीव वर यायचा.

नारू पसरवणारे पाण्यातले बारीक किडे खायला साहेबांना बारवेत मासे सोडायचे होते. मासे वाढत आमच्या परसातल्या हौदात. त्यांच्या खाण्यासाठी शेजारच्या हौदात शीट गोणपाटात बांधून बुडवायची. पाणी हिरवट झालं की त्यात पाणपिसवा, पिसवांसारखे उडणारे बारीक पाणकिडे, सोडायच्या; साहेबांचं नाव त्यावरूनच पडलं. त्या टुणटुणत वाढल्या की फडक्यानं गाळून, धुऊन माशांना. "शीट मिठासारखी घालायची, वहिनी, पिठासारखी नाही," साहेब सांगत. जास्त झाली की पाणी नासे आणि पिसवा मरत.

सासूबाई ओट्यावरून विचारत, "ज्या किड्यानं नारू हुतो त्येच पाळतोय व्हय रं?"

"हे त्यांचे चुलते, आजी. गरीब आहेत."

"चुलत्यांचं आमाला नगं सांगू. आमचं वावर त्यांनीच खाल्लं."

दिवाळीनंतर मासे सोडायचं ठरलं, तर गाव अडलं. कोंबडीच्या घाणीवर पोसलेलं प्यायच्या पाण्यात नको. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली, "उपास घडवा त्यास्नी. प्वाट धुऊन निघंल." साहेबांनी मासे स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवले. बारके मेले. ते तळहातावर घेऊन साहेब म्हणाले, "हे गावाच्या सोवळ्यात गेले," आणि तिथंच डुलकी काढली. उरलेले बारवेत सोडले.

सोडताना घसा कोरडा होईतो सांगत होते, "गेल्या उन्हाळ्यात प्यालेलं पाणी येत्या उन्हाळ्यात नारू होऊन निघणारच. त्याच्या पुढचा उन्हाळा बघा." हे शेवटचं कुणी ऐकलंच नाही. उन्हाळा आला, पाय सुजले, आणि "माशे सोडलं आन् नारू वाढला" अशी बोंब उठली. वर तक्रार गेली. साहेबांची बदली झाली.

ते निघताना मी भाकरी बांधून दिली. भीत भीत विचारलं, "भाऊसाहेब, पुढच्या सालीही नारू निघाला तर?"

"तर मला शिव्या द्या. पण मुलीचं पाणी गाळायचं सोडू नका." बैलगाडी वेशीबाहेर पडायच्या आतच त्यांचा डोळा लागला होता.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एकाही पायाला नारूची चिंधी नव्हती. गावानं देवीपुढं नारळ फोडले. साहेबांना कळवावं म्हटलं, तर त्यांना कुठं धाडलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई खोबऱ्याचा तुकडा घेऊन बारवेच्या पायऱ्या उतरल्या, नखानं किसून पाण्यात टाकला.

"खावा," त्या माशांना म्हणाल्या. "त्येचं नाव कुनी घेतलं न्हाई."