तीट

एमाने माझा हात टेबलावर दाबून धरला आणि ओल्या फडक्याने घासायला लागली. तिच्या पाचव्या वाढदिवसाची पार्टी होती. शाळेतल्या पोरी, त्यांच्या आया, सगळ्या बघत होत्या. मनगटापर्यंत घासलं. फडकं उलटून पाहिलं. मग आईला म्हणाली, "मम्मी, इट वोन्ट कम ऑफ."

बायका हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, लाडाचं होतं. म्हणून जास्त लागलं.

एमा तान्ही असल्यापासून माझ्याकडे. लीड्समध्ये हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आमचं घर. नवरा तिथल्या लाँड्रीत कामाला, एमाची आई नर्स. ड्यूटीला जाताना ती पोर माझ्याकडे सोडायची. मी चौथी शिकलेली, इंग्रजी मोडकं. पण तान्ह्या पोराला कुठे इंग्रजी लागतं? तेल लावून पायांवर न्हाऊ घातलं, मऊ भात भरवला. आणि रोज गालाला काजळाची तीट लावली, माझ्या पोरांना लावली तशीच. दृष्ट लागू नये म्हणून.

संध्याकाळी आई न्यायला यायची. दारातच पर्समधून रुमाल काढायची, थुंकी लावून तीट पुसायची. गाल लाल होईपर्यंत. मी एकदा सांगितलं, हे दृष्टीसाठी असतं. ती म्हणाली, हो का, किती छान. आणि पुसत राहिली. एमा आईच्या तोंडाकडे बघत असायची. रोज.

तेव्हा बस स्टॉपवर टारगट गोरी पोरं आम्हाला 'पाकी' म्हणायची, थुंकायची. मी समजायचे, हे रस्त्यावर शिकतात. चांगल्या घरात नाही. त्या पार्टीत फडक्याखाली हात होता तेव्हा कळलं. हे तर माझ्याच दारात शिकवलं गेलं. आवाज न चढवता.

मी हात काढून घेतला, कोट घातला. एमाची आई मागोमाग दारापर्यंत आली. "लहान आहे हो ती. तिला रंग कळत नाही."

"कळत नव्हता," मी म्हणाले. "तुम्ही शिकवलात."

"मी कधी एक शब्द तरी बोलले का?"

"नाही. पुसलंत."

वर्षभराने ती पुन्हा दारात. कडेवर नवा मुलगा. एमा तुमची आठवण काढते म्हणाली. बाळ माझ्याकडे झेपावलं. मी त्याला घेतलं, आतून डबी आणली आणि तिच्या देखत तीट लावली. तिचा हात पर्सकडे गेला. तिचं तिलाही कळलं नसेल. मला कळलं. बाळ परत तिच्या कडेवर दिलं. दुसरी कोणी बघा म्हटलं, दार लावलं. आत येऊन रडले, ते त्या बाळासाठी. तेही शिकणार होतं.

त्यानंतरही मी पोरं सांभाळली. पहिल्या दिवशी, आईसमोर, आधी तीट. बहुतेकींचा हात रुमालाकडे जायचाच. त्यांना मी नाही म्हणायचे. त्या हसत हसत पोर परत घेऊन जायच्या.

एमा मोठी झाली. बसमध्ये दिसली तर हॅलो म्हणते. माझ्या शेजारची सीट रिकामी असली तरी उभी राहते. आपण का उभं राहतो, हे तिला ठाऊकही नसेल.

हे बदलेल असं मला वाटत नाही. काजळाची डबी मी दारापाशीच ठेवते. पुसणारीचं पोर माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.