एर्मेकनं निवडलेली उशी

कुंदुझचा आवाज आमच्या उझगेन गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फार थोड्यांच्या. बसस्टँडवर काचेच्या खोलीत बसून ती गाड्या पुकारायची. ओशची गाडी लागली आहे, कारा-कुल्जाची गाडी सुटते आहे, जलाल-आबादवाल्यांनी घाई करा. माझं गाद्या-उशांचं दुकान स्टँडला लागूनच, त्यामुळे दिवसभर ती माझ्या कानात असायची. घरंही आमची एकाच पाटाच्या काठी. तिचं सासर आणि माझं अंगण यांच्यामध्ये जर्दाळूची झाडं, बस्स. मला ती सालिया एजे म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

लग्न तिचं नुरीलानं जमवलं होतं. नुरीला म्हणजे एर्मेकची बहीण आणि कुंदुझची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी एका बाकावरच्या. एकीच्या डब्यातला कणकेचा तळलेला बोर्सोक दुसरीच्या तोंडात. "माझ्या दादाशी लग्न कर ना गं, म्हणजे आपली ताटातूट व्हायची नाही," असं नुरीलानं म्हणे वर्षभर तिच्या मागे टुमणं लावलं होतं. शेवटी झालं लग्न. पुढं झालं भलतंच. एर्मेक सिमेंट कालवणारा ट्रक चालवायला मॉस्कोला गेला, त्याच्या मागोमाग नुरीलाही तिथे साफसफाईच्या कामाला गेली, आणि कुंदुझ राहिली सासूपाशी. सासू बुबूसारा. तिला ती एने म्हणायची, म्हणजे आई. बाई तोंडानं फटकळ, पण सुनेला उपाशी ठेवणारी नव्हे. दोघींचं बरं चाललं होतं.

एर्मेक दर हिवाळ्यात महिनाभर यायचा. पाच-सहा वर्षं मूल झालं नाही. बुबूसारा कधी पिराच्या दर्ग्यावर न्यायची, कधी ओशच्या डॉक्टरकडे. मग एका हिवाळ्यात एर्मेक येऊन गेला आणि वसंतात कुंदुझला दिवस राहिल्याचं कळलं. बातमी तिनं मला दुकानात येऊन सांगितली, आणि माझ्या ढिगातल्या एका लोकरीच्या गादीवर बसून घळाघळा रडली. गिऱ्हाईक म्हणालं, "काय हो, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही बाबा, येतंय."

जुलैत पोट जड झालं आणि तिची झोप उडाली. आमच्याकडचा जुलै म्हणजे तंदूरच. आम्ही जमिनीवर लोकरीच्या गाद्या घालून निजणारी माणसं; एरवी त्याच्यासारखं सुख नाही, पण पोटुशीला कुशीवर निजायचं तर कंबर अवघडते, पोट एका बाजूला ओढतं, गुडघ्यावर गुडघा घासतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या कुशीवर नीज, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी घे. बुबूसारानं ऐकलं आणि हात झटकले. "आम्ही काय उश्या घेऊन पोरं काढली? मी तर शेतात भाताच्या पेंढीवर पाठ टेकायची. आता यांना गुडघ्याला वेगळी उशी, पोटाला वेगळी उशी. उद्या पोरगं म्हणेल मलाही आत एक पाठवा."

कुंदुझ हसली, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानात आली.

त्या सुमारास बिश्केकहून गरोदर बायकांच्या उश्या माझ्याकडे नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एक कोयत्यासारखी वाकडी, एक घोड्याच्या नालेसारखी, माणूस दोन्ही बाजूंनी आत मावेल एवढी, आणि एक लांब, सरळ, एका टोकाला वळलेली. शिवाय माझ्या हातच्या होत्याच, कापसाच्या आणि लोकरीच्या. कुंदुझ एकेक उशी कवेत घेऊन बघत होती. कापसाच्या उशीचे गठ्ठे होतात हे मीच तिला सांगितलं. लोकर गरम पडेल. नालेची उशी तिला फार आवडली. "ही घेते एजे. कोणीतरी मागून-पुढून धरल्यासारखं वाटतं."

तेवढ्यात एर्मेकचा फोन आला, तोंड दिसतं तसला. तो ट्रकमध्ये जेवत होता. तिनं हौसेनं फोन दुकानात फिरवला.

"बघ, ही घेतेय. कशी आहे?"

"ती नको," तो लगेच म्हणाला.

"का रे? छान आहे की."

"दिसायला छान. लघवीला उठायचं झालं की तीतनं निघता येत नाही. चार-चारदा उठावं लागतं शेवटी शेवटी. ती लांब दिसतेय ना मागे, टोकाला वळलेली, ती घे. वळलेलं टोक डोक्याखाली, मधला भाग पोटाखाली आणि उरलेला गुडघ्यांत. आत काय आहे? दाबून दाखव. गोळ्या आहेत?"

मी म्हटलं, "एकीत गोळ्या आहेत, एकीत तंतू."

"गोळ्यांची नको, एजे. कूस बदलली की कानाशी सरसर वाजतात, झोपमोड होते. तंतूंचीच द्या. आणि अभ्रा निघणारा हवा, चेन बाहेरच्या बाजूला, नाहीतर मांडीला टोचते. आणि घरी नेऊन आधी धुऊन घे गं, नव्या कापडाच्या वासानं मळमळतं."

माझ्या दुकानात आजवर कितीतरी नवरे येऊन गेले. गाद्या उचलायला येतात, भाव करायला येतात. उशीची चेन कोणत्या बाजूला असावी हे सांगणारा मी पाहिला नव्हता. मी म्हटलंसुद्धा, "एर्मेक, तू दुकानच टाक बाबा, मी घरी बसते."

कुंदुझनं विचारलं, "तुला रे एवढं कुठनं कळलं?"

"वाचलं," तो म्हणाला. "फोनवर सगळं येतं." आणि भोंगा वाजला म्हणून त्यानं फोन ठेवला.

कुंदुझचा चेहरा त्या वेळी जो फुलला होता तो मला अजून दिसतो. मॉस्कोत सिमेंटमध्ये राबणारा माणूस जेवायच्या वेळात बायकोच्या झोपेबद्दल वाचत बसतो. तिनं उशी खांद्यावर टाकली आणि भर बाजारातून तशीच मिरवत नेली. स्टँडवरच्या बायकांना सांगितलं, दाणेवालीला सांगितलं. आणि उशी खरंच चांगली निघाली. सुट्टीच्या दुपारी अंगणात गादी घालून ती डाव्या कुशीला झोपलेली असायची, वळलेल्या टोकावर गाल, पाय उशीवर, अशी गाढ की बुबूसाराच्या कोंबड्या उशाशी टिपत फिरल्या तरी तिला पत्ता नसायचा. बुबूसारा मात्र त्या उशीकडे बघायची नाही. अंगण झाडताना उशी वाटेत आली की पायानं बाजूला सारायची. मला वाटायचं, जुन्या माणसाचा हेका.

ऑगस्टच्या अखेरीस नुरीला सुट्टीवर आली. कुंदुझनं पुलाव केला, आमच्या लाल तांदळाचा, लसणीचे अख्खे गड्डे घालून. मलाही बोलावलं. जेवणं झाल्यावर ती मैत्रिणीचा हात धरून म्हणाली, "चल, तुला गंमत दाखवते. तुझ्या दादानं काय निवडून दिलंय बघ." आणि आतून उशी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

नुरीला बडीशेप चघळत होती, प्रवासानं थकलेली होती, आपल्या माणसांत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, इथेही हीच?"

तेवढंच. पण बुबूसाराच्या हातातली चहाची वाटी थांबली, आणि ती थांबलेली कुंदुझनं पाहिली.

"इथेही म्हणजे?" कुंदुझनं विचारलं.

"म्हणजे… तिथे दुकानात असतात ना…"

"नुरीला. इथेही म्हणजे?"

नुरीला आईकडे बघायला लागली. बुबूसारा म्हणाली, "पोरगी दमून आलीय, तिला आडवं होऊ दे."

"एने, मी हिला विचारतेय."

मी उठायला लागले, तर कुंदुझ म्हणाली, "एजे, बसा तुम्ही. कोणीतरी माझ्या बाजूनं बसा."

मग नुरीला रडत रडत सगळं बोलली. बातकेनकडची मीरगुल म्हणून बाई आहे, मॉस्कोत कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. एर्मेकनं मुल्लाकडून निकाह लावून घेतलाय. मुलगा आहे त्यांना, नुकताच धरून धरून चालायला लागलाय. उशी मीरगुलसाठी घेतलेली. "आधी नालेची आणली होती. तिला तीतनं उठता येईना, रात्री रडायची. मग मीच दादाबरोबर बदलून आणायला गेले. दुसरीत गोळ्या निघाल्या, त्या वाजायला लागल्या. मग ही तिसरी."

कुंदुझ ऐकत होती. एकेक गोष्ट ती मनात जुळवत होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. उठता न येणं मीरगुलचं. सरसर आवाज मीरगुलच्या कानाशी. चेन मीरगुलच्या मांडीला टोचलेली. मळमळलं होतं तेही तिलाच.

"आणि तू माझ्याशी दर रविवारी फोनवर बोलत होतीस," ती नुरीलाला म्हणाली. "मला मूल व्हावं म्हणून तिथल्या मशिदीत दुवा मागितलीस म्हणालीस. तेव्हा ते पोर तुझ्या मांडीवर होतं का?"

नुरीलानं मांडीवरची उशी खाली ठेवली.

"एने, तुम्हाला माहीत होतं?"

बुबूसारानं वाटी खाली ठेवली. "नातू आहे माझा. माहीत नसून कसं चालेल? बाळ चाळीस दिवसांचं झालं की घालतात तो सदरा मीच शिवून पाठवला. हे बघ पोरी, पुरुष लांब राहिला की असं होतं. तुझी जागा कोणी घेतलेली नाही. मोठी सून तू. या घरातली चूल तुझी."

"चूल माझीच आहे," कुंदुझ म्हणाली. "त्या चुलीपाशी बसून तुम्ही तो सदरा शिवत होता. मी विचारलं होतं कोणासाठी. तुम्ही म्हणालात, भाचीच्या मुलाला. आणि बटणं मी लावून दिली."



कुंदुझनं तिथेच एर्मेकला फोन लावला. तो पहिल्यांदा नाकारायला गेला, पण बहिणीचं रडणं ऐकू आलं तसं ते सोडलं. मग म्हणाला, "तुला मी कधी काही कमी पडू दिलं का?"

"मी एवढंच विचारते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी स्टँडवर गाडी पुकारतानाचा होता, सपाट आणि स्पष्ट. "त्या दिवशी तू दुकानात सांगत होतास, ते मला सांगत होतास की तिचं आठवून बोलत होतास?"

तो म्हणाला, "तुला झोप लागावी म्हणूनच सांगितलं गं. खरंच."

मला वाटतं, तो खोटं बोलत नव्हता. आणि तेच तिला सोसलं नाही. तो खोटं बोलला असता तर तिला त्याला शिव्या देता आल्या असत्या. तिनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडली, पोटावर दोन्ही हात धरून. नुरीला जवळ गेली तर म्हणाली, "तू हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी तिला कारा-कुल्जाच्या गाडीत बसवून दिलं. आईचं घर तिकडे. स्टँडवरच्या बायकांनी काही विचारलं नाही. आमच्या गावात बातमी पाटाच्या पाण्याबरोबर पोचते. उशी तिनं नेली नाही. मी म्हटलं, "अगं, झोपशील कशी? उशीनं काय घोडं मारलंय?" तर म्हणाली, "एजे, त्या उशीवर डोकं ठेवलं की मला तिची झोप लागते. मला माझी हवी." मी मग माझ्या हातची एक लांब उशी शिवून, मऊ लोकर पिंजून भरून, गाडीवाल्याबरोबर पाठवली. गरम पडेल म्हणून निरोपही दिला. तिचा उलट निरोप आला, इकडे डोंगरात गार असतं, चालेल.

ऑक्टोबरात मुलगी झाली. बुबूसारा तेलातल्या पुऱ्यांची परात घेऊन नातीला बघायला गेली. कुंदुझनं तिला आत घेतलं, पोर मांडीवर दिली, जेवू घातलं. नाव मात्र आजीला ठेवू दिलं नाही. आपल्या आईच्या विचारानं तिनं पोरीचं नाव सेइदे ठेवलं. नुरीला सुट्टी वाढवून थांबली होती; तीही बरोबर आली, पण दारातूनच परत गेली. तिला कोणी हाकललं नव्हतं. आत ये असंही कोणी म्हटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एर्मेक आला. सासुरवाडीत मधल्या जागेवर, मोठ्या पाहुण्यासारखा बसला. मी तेव्हा तिला भेटायला गेले होते म्हणून माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. त्यानं पोरीसाठी फरची टोपी आणली होती. म्हणाला, चूक झाली, दोघींनाही सांभाळीन, वेगळं घर बांधतो. कुंदुझनं ऐकून घेतलं. आमच्यात मान द्यायचा असला की चहाची वाटी अर्धीच भरतात, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतं. तिनं त्याच्यासमोर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. त्यानं ती वाटी पाहिली, हातही न लावता उठला, पोरीच्या डोक्यावर टोपी घातली आणि गेला. टोपी मोठी होती, पोरीच्या डोळ्यांवर आली आणि ती हसायला लागली.

आता कुंदुझ कारा-कुल्जाच्या डाकघरात काम करते. एर्मेक पोरीला फोन करतो, ती बोलू देते. मी एकदा विचारलं, राग गेला का गं? ती पोरीची वेणी घालत होती.

"त्याचा गेला," ती म्हणाली. "तो लांब होता, चार वाक्यं खोटी बोलून फोन ठेवायचा. पण या दोघींचा जात नाही, एजे. मी रोज एनेंचे पाय चेपायची. नुरीलाला पोटातली पहिली हालचालसुद्धा आईच्या आधी सांगितली होती."

मग तिनं पोरीकडे रिबीन मागितली, आणि कोणती हवी, लाल की पिवळी, यावरून मायलेकींचं भांडण सुरू झालं.