तराजूच्या दांडीवर चालणारी गाडी

ओरिजिनल हा शब्द कोणी कौतुकाने उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ओरिजिनल रंग, ओरिजिनल बंपर, डॅशबोर्डवर ओरिजिनल घड्याळ, आणि ते कायमचं बंद! या वेडापायी माझ्या आत्याची गाडी तिच्या हातून जवळजवळ गेलीच होती, म्हणून मी चिडते. आत्या स्वतः चिडली की आवाज चढवत नाही. हातातलं काम खाली ठेवते, चष्मा कपाळावर सरकवते आणि समोरच्याकडे नुसती बघत राहते. भल्याभल्यांची बोलती बंद होते. मला ते जमत नाही, मी बोलून मोकळी होते.

आत्याचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. वाणी, सोनार, भंगारवाला, टपाल कचेरी, जिथे जिथे काही म्हणून तोललं जातं तिथे तिचा हात फिरलेला आहे. धंदा आजोबांचा. लहानपणी आलेल्या तापात आत्याचा डावा पाय गेला, म्हणजे आहे, पण नुसता लोंबतो. काखेत कुबडी आली. मग घरातल्या सगळ्यांनी तिच्या वतीने ठरवून टाकलं की हिने बसून करायचं ते काम करावं. आजोबांनी तिला दुकानामागच्या खोलीत टेबलाशी बसवलं आणि हातात कानस दिली. आजोबा गावभर फिरून बिघडलेले काटे आणायचे, ती ते सरळ करायची. बाहेरचं जग तिच्याकडे असं पोत्यात भरून यायचं.

वजनांच्या जड पेट्या वाहायला आजोबांनी एक चार दारांची गाडी घेतली होती. फार दिवस चालवता आली नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, शस्त्रक्रिया बिघडली, आणि गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली. पार हिवाळाभर उभी होती. पाखरांनी बंपरमागे घरटं केलं. माझे बाबा, म्हणजे आत्याचे भाऊ, गिऱ्हाईक शोधू लागले.

"ती काय शोभेला ठेवायचीय?" बाबा म्हणाले.

"मी चालवीन," आत्या म्हणाली.

बाबा हसले. हे ते स्वतः सांगायचे, आणि सांगताना दर वेळी ओशाळायचे. हसण्याचं कारण उघड होतं. गिअर टाकायचा तर क्लच दाबायला हवा, क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, आणि घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

पण जिचा जन्म तराजूंत गेला तिला दांडीचं गणित कोणी शिकवायला नको. दांडी जितकी लांब तितका जोर कमी. पाय नाही तर हाताने ओढू, हात पुरत नाही तर दांडी लांब करू. तिने अडगळीतून आजोबांच्या सगळ्यात मोठ्या काट्याची लोखंडी दांडी काढली आणि कोपऱ्यावरच्या स्कूटर मेकॅनिकला बोलावलं. दोघांनी मिळून सीटशेजारी गाडीच्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडली, दांडी बोल्टने बसवली आणि जाड तारेने क्लचला जोडली. दांडी मागे ओढायची, खाचेत अडकवायची, त्याच हाताने गिअर टाकायचा आणि मग दांडी अलगद पुढे सोडायची. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मेकॅनिक शेजारी जीव मुठीत धरून बसला होता. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं. तो माझा आतोबा.

त्यानंतर आत्या घरात सापडेनाशी झाली. परवान्याच्या साहेबाला शेजारी बसवून तिने चढावर गाडी थांबवून दाखवली, पुन्हा उचलून दाखवली. बाजारपेठेत, गोदामांत, डोंगरापलीकडच्या गिरणीत ती एकटी जाऊ लागली. लोक कुबडीकडे बघायचे, मग गाडीकडे, मग पुन्हा कुबडीकडे. तिने गाडीला झेंडूसारखा पिवळाधमक रंग दिला. का, तर लांबून दिसली की लोक आधीच बाजूला होतात. आतोबा गेला त्या आठवड्यातसुद्धा ती गाडी घेऊन कामावर गेली. शेजारणींनी नाकं मुरडली. "घरी बसून रडले असते तर तो परत आला असता का?" एवढंच ती म्हणाली, आणि गाडीत बसून रडली. मी शेजारी होते.

आता दादाकडे येते. दादा आत्याचा एकुलता एक मुलगा. मनाने सोन्यासारखा आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याची खरडपट्टी काढणार आहे. त्याला जुन्या गाड्यांच्या क्लबचा नाद लागला. तिथे कळलं की आईच्या गाडीच्या मॉडेलच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या असून चालत्या अवस्थेतल्या अगदी मोजक्याच उरल्यात. त्याच सुमाराला गाडीचा तळ गंजून एवढा खाल्ला गेला की मागे बसलं की पायांखाली रस्ता पळताना दिसायचा. दुरुस्ती हवीच होती. दादा म्हणाला, मी नीट करून आणतो. आत्याने विश्वासाने चावी दिली.

ज्याच्याकडे गाडी गेली त्या कारागिराला क्लबात सगळे कंपनी म्हणतात, कारण त्याचं दर दुसरं वाक्य "कंपनीने दिलं होतं तसं" असं संपतं. माणूस कसबी. पत्र्यावरून डोळे मिटून हात फिरवतो आणि पोचा कुठे आहे ते सांगतो. एका दाराच्या मुठीसाठी त्याने पाच गावांतली भंगाराची दुकानं पालथी घातली होती. अशा माणसाशी भांडणं अवघड जातं.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा मी आत्याला बघायला घेऊन गेले. कंपनीचं गॅरेज म्हणजे लांबट शेड. भिंतीवर पाने उतरत्या क्रमाने टांगलेले, खाली वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीने मांडलेले. गाडी मधोमध उभी होती. पिवळा रंग खरवडून टाकलेला, अंगावर राखाडी अस्तर. खरं सांगते, देखणी दिसत होती. आत्याने नव्या बंपरवरून हात फिरवला. "छान केलंत हो," ती म्हणाली. मग दार उघडून ती आत वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.

"दांडी कुठाय?"

"ती होय," कंपनी म्हणाला. "बाहेरची वस्तू होती ती. काढली. खालची भोकं पण वेल्डिंग करून बुजवली. आता कोणी सांगू शकणार नाही की इथे काही होतं."

हे शेवटचं वाक्य तो किती अभिमानाने बोलला म्हणून सांगू! आत्याने चष्मा कपाळावर सरकवला.

दादा मध्ये पडला. "आई, प्रदर्शनात ओरिजिनल गाड्यांचा वेगळा मान असतो. ही पहिली येईल, सगळे म्हणतात."

"आणि चालवू कशी?"

"तू कशाला चालवायला हवी आता? या वयात? मी आहे ना. कुठे जायचं ते सांगत जा, मी नेईन."

दादाचं प्रेम खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. "अरे, तिला विचारलंस का?" मी ओरडले. "तिच्या गाडीतून तिलाच काढून टाकलंस की रे तू!"

आत्याने मला हातानेच गप्प केलं. ती कंपनीकडे वळली. "रंग तुमच्या मनासारखा द्या. राखाडी तर राखाडी, राखेत लोळल्यासारखी दिसली तरी चालेल. दिवे, बंपर, सीटा, सगळं तुमच्या कंपनीचं. दांडी माझी. ती कुठाय तेवढं सांगा."

कंपनीने मान खाली घातली. दांडी गंजक्या पत्र्यांबरोबर भंगारात गेली होती.

मी माझ्या गाडीतून आत्याला आणि दादाला घेऊन भंगारवाल्याकडे निघाले. त्या दांडीवर आजोबांच्या दुकानाचा ठसा होता, आतोबाने तिला खाच पाडली होती, आणि एव्हाना ती भट्टीत वितळली असायची शक्यता होती.

भंगारवाला आम्हाला बघून गल्ल्यावरून उठला. "ताई, मी तुम्हाला निरोपच धाडणार होतो. त्या गॅरेजच्या मालात काट्याची दांडी निघाली. म्हटलं, काट्याची दांडी आणि ताईंची नाही, असं कसं होईल?" त्याने गल्ल्यामागून गोणपाटात गुंडाळलेली दांडी काढली. त्याचा मोठा काटा आत्यानेच वर्षानुवर्षं सांभाळलेला, दुकानाचा ठसा तो झोपेतही ओळखला असता. आत्याने दांडी हातात घेतली, खाचेवरून अंगठा फिरवला, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. भर दुकानात. पुसलीही नाही तिने.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गॅरेजात. आता कंपनी अडून बसला. "मॅडम, तुम्ही म्हणाल ते करीन. पण नव्या पत्र्याला भोक पाडायला मला सांगू नका. माझा हात धजावणार नाही. हा तळ मी ठोकून ठोकून हुबेहूब बनवलाय. कंपनीने—"

"कंपनीने दिला होता तसा, माहीत आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही नका पाडू. ड्रिल द्या इकडे."

तिने कुबडी दाराला टेकवली, गॅरेजच्या फरशीवर बसकण मारली, आणि बसल्या बसल्या सरकत उघड्या दारातून अर्धी आत शिरली. खडूने खुणा केल्या. दादा "आई, अगं, आई" करत घिरट्या घालत होता. "टॉर्च धर," ती त्याला म्हणाली. त्याने धरला. ड्रिल पत्र्यात शिरलं तेव्हा असा काही आवाज झाला की कंपनी कानांवर हात ठेवून शेडबाहेर निघून गेला. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

भोकं पाडून झाली तेव्हा कंपनी परत आला. हातात रंगाचा छोटा डबा आणि ब्रश. "पाडलीतच आहेत तर कडा उघड्या ठेवू नका," तो कोणाकडे न बघता म्हणाला. "गंज धरेल." आणि गुडघ्यांवर बसून त्याने एकेका भोकाची कड रंगवली. बोल्ट मात्र आत्यानेच आवळले.

प्रदर्शनाला जायचं की नाही यावरून घरात बरंच वाजलं. शेवटी आत्याच म्हणाली, चला, एवढी नटवलीय तर मिरवू. ती चालवायला, दादा शेजारी, मी मागे. मैदानावर दोऱ्या बांधून दोन भाग केले होते. एकीकडे ओरिजिनल गाड्या, आरशासारख्या चकचकीत, मालक फडकी घेऊन धूळ टिपताहेत. दुसरीकडे बदललेल्या गाड्या, जमिनीला टेकलेल्या, दारांवर ज्वाळा काढलेल्या, डिकीत ढणाणा वाजणारे स्पीकर. त्या पोरांनी आत्याला बघून शिट्ट्या मारल्या आणि आत्याने त्यांना हॉर्न दिला. गेटवरच्या माणसाने गाडी बाहेरून बघितली आणि ओरिजिनलच्या रांगेत लावायला सांगितली.

परीक्षक आले. गाडीभोवती फिरले, वाकले, बॉनेट उघडून बघितलं, माना डोलावल्या. कंपनी लांब उभा राहून नखं खात होता. आम्ही आत बसलेलेच होतो, मुख्य परीक्षकांनी खिडकीतून डोकावलं.

"हे काय?"

"दांडी," आत्या म्हणाली.

"अरेरे. एवढ्या सुंदर गाडीत." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. ते दादाकडे वळले. "दोन-चार बोल्टांचं तर काम आहे. आत्ता काढून ठेवा. पहिल्या नंबराला हिच्याशिवाय दुसरी गाडी नाही, सांगून ठेवतो. निघताना परत लावा."

दादाने आईकडे बघितलं. लहानपणी जत्रेतल्या पाळण्याकडे बघायचा तसा चेहरा झाला होता त्याचा. "आई, नुसतं थोडा वेळ..."

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. पण या खेपेला ती गप्प राहिली नाही.

"साहेब, गाडी मूळची कशी होती ते मला विचारा. मूळची ही आमच्या दारात उभी होती, ताडपत्रीखाली. बंपर ओरिजिनल, रंग ओरिजिनल, सगळं तुम्हाला हवं तसं. आणि आत घरात मी बसलेली. ही दांडी लावली त्या दिवशी दोघी बाहेर पडलो. ती मी पुन्हा काढणार नाही. थोडा वेळसुद्धा नाही."

परीक्षक काहीतरी बोलू पाहत होते, पण आत्याने चावी फिरवली होती. "पेठेत एका वाण्याचा काटा बघायचाय," ती म्हणाली. "उगाच उशीर झाला."

दादा दार उघडून खाली उतरला, पुढे गेला आणि रांगेसमोरची दोरी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरली. परीक्षकांना म्हणाला, "जरा बाजूला व्हा. आईला जायचंय."

आत्याने दांडी ओढली, खाचेत अडकवली, गिअर टाकला आणि दांडी अलगद सोडली.