काचेबाहेरचे बाप

सोलापूरच्या मार्केट यार्डात मी कांद्याचा लिलाव पुकारतो. कितीही गोंगाट असो, माझा आवाज वर निघतो. घरातही तू लिलावच करतोस, असं बायको म्हणते. त्या दिवसांत मात्र तोंडाला कुलूप लागलं होतं. सातव्या महिन्यातच बायकोला झटके आले, घाईघाईनं सिझर करावं लागलं, आणि ती दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बेशुद्ध पडून होती. मधल्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, आमची मुलगी. ओंजळीत मावेल एवढी.

सिस्टर म्हणाल्या, "शर्ट काढा." मला वाटलं, मलाच तपासणार आहेत. तर आईच्या जागी बापानं पोरीला उघड्या छातीवर बांधून बसायचं होतं. ह्याला त्या 'कांगारू द्यायचं' म्हणायच्या. उबेच्या पेटीत एकटी ठेवली की पोरीचा श्वास मध्येच थांबायचा आणि छातीवर घेतली की पुन्हा सुरळीत चालायचा. मग लाज कसली आणि काय कसली! आत आम्ही चार-पाच बाप उघडेबंब बसायचो. हलायचं नाही, शिंकायचं नाही. माझ्या शेजारी वळसंगकडचा एक मेंढपाळ असायचा. त्याचा मुलगा माझ्या मुलीपेक्षाही बारका. तो त्याच्याशी सारखं कानडीत काहीतरी पुटपुटायचा.

एका सकाळी त्याची खुर्ची रिकामी दिसली. पोर पहाटेच गेलं होतं. त्याच्या बायकोचे टाके अजून ओले होते, ती खालच्या वॉर्डात होती, त्यामुळे पोराला पुरून तो परत दवाखान्यातच आला. जेवणाचा डबा बायकोला दिला की काचेच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात येऊन आमच्यातच भिंतीला टेकून बसायचा. त्याच्याशी काय बोलावं, आम्हाला कुणालाच सुचत नव्हतं. मला तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा भीती वाटायची. आपल्यावरही हीच वेळ येणार, असं मन सारखं म्हणायचं.

अशात मला ताप भरला. सिस्टरनी कपाळाला हात लावला आणि मला बाहेर काढलं. "ताप उतरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही." त्यांचं बरोबर होतं, आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता. हात जोडून झाले. अडला हरी म्हणतात तसा मी दारावरच्या वॉचमनच्याही पाया पडलो. सासूबाई होत्या, पण त्यांना दम्याचा खोकला, त्यांनाही मनाई. मला आईवडील नाहीत, भाऊ-बहीण नाही. बाकीच्या बापांच्या छातीवर त्यांची त्यांची लेकरं. काचेतून मला दिसत होतं, पोर पेटीत होती आणि सिस्टर तिच्या तळपायाला टिचक्या मारत होत्या. टिचकी मारली की ती श्वास घ्यायची. थोड्या वेळानं पुन्हा टिचकी. मी काचेला कपाळ लावलं आणि यार्डात ओरडतो तसा ओरडलो, "अरे, कुणीतरी घ्या रे तिला!"

मेंढपाळ उठला. माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "पाव्हणं, मी बसू का? पर मला सुतक हाय."

सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. बाई करमाळ्याकडच्या, सोवळ्या-ओवळ्याला कडक. सुतक असलेल्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. लेकीसाठी देव पाण्यात घालून बसलेल्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अंग ऊन हाय न्हवं तुजं?"

"व्हय, आई."

"मग जा की. सुतक आपल्याला मोठ्या मानसांस्नी. तिला ऊब पायजे."

दारात सिस्टरनी अडवलं. "नात्यातलंच माणूस लागतं. तुम्ही तिचे कोण?"

"चुलता," तो म्हणाला.

त्याला स्वतःच्या पोराला घेऊन बसलेलं सिस्टरनी इतके दिवस पाहिलं होतं. त्या दारातून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "कोपरापर्यंत हात धुऊन या."

माझा ताप उतरेपर्यंत तो रोज बसला. बायकोचा डबा देऊन यायचा आणि शर्ट काढायचा. त्याचे ओठ हलताना मला काचेतून दिसायचे. कानडीच बोलत असणार. मी बाहेर उभा राहून तोंडात रुमाल कोंबून रडायचो. माझी पोर दुसऱ्याच्या छातीवर श्वास घेत होती, आणि त्याची छाती मोकळी झाली म्हणूनच तिला जागा मिळाली होती. हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. पुढे दोघी मायलेकी वाचल्या, पण ते बऱ्याच दिवसांनी.

त्याच्या बायकोला सुटी मिळाली त्या दिवशी माझी बायको अजून डोळे उघडत नव्हती. व्हरांड्यात एक रीत पडली होती. बाळंतिणीची ओटी सगळे भरतात, बापाला कोण विचारतो? म्हणून ज्याचं पोर घरी निघेल त्या बापाला बाकीच्या बापांनी टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचा. मेंढपाळाला हे द्यायचं का, यावर बरीच कुजबुज झाली. कारण आमच्याकडे दुखवट्यालाही टॉवेल-टोपीच देतात, फक्त नारळ देत नाहीत. आमच्यात थोरला होता तो सोलापूरच्याच पूर्व भागातला एक विणकर. तो म्हणाला, "देऊ या, पण नारळ नको. त्याला कसं वाटंल?" सगळ्यांना पटलं.

त्यानं मान वाकवून टोपी घालून घेतली. टॉवेल खांद्यावर नीट केला. मग आमच्या हातांकडे बघितलं.

"नारळ न्हाय व्हय?"

विणकरानं रिकामे हात मागे घेतले.

"मी बी बाप झालतो की."

यार्डात आवाजावर पोट भरणारा मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सासूबाईच उठल्या. लेक शुद्धीवर आली की देवीपुढं फोडायचा म्हणून बोललेला नारळ त्यांनी पिशवीतून काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

"घे लेकरा. देवीला मी दुसरा आनंन."

त्यानं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि बायकोला न्यायला जिना उतरून गेला.