मूळ खोड कुठलं?

सेल्वम दर रविवारी व्हॅन धुतो, तेव्हा सीटखालून काही ना काही निघतंच. एकच चप्पल, स्टीलचा चमचा, कानातलं, एकदा तर कुणाची तरी कवळी. वस्तू आम्ही कुरियरनं परत पाठवतो. किस्से मात्र कुणी परत मागत नाही, त्यामुळे ते आमच्याकडेच साठत गेलेत.

आमच्याकडे म्हणजे चौघांकडे. मी मूळची तंजावूरची, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातली. लग्नानंतर बरीच वर्षं सोलापुरात काढली, शाळेतून निवृत्त झाले, माहेरी परतले आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवायला लागले. सेल्वम व्हॅन चालवतो. व्यंकटराव माझे सख्खे मामा, कालव्यांच्या खात्यातून रिटायर झालेले. त्यांना कुणी बोलावत नाही, पण आम्ही निघायच्या आधीच ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलेले असतात. चौथी मुत्तम्मा. ती झाडाखाली ताक विकते.

झाड म्हणजे आमचा प्रसिद्ध वड. राजवाडा झाला, ग्रंथालय झालं, मोठं देऊळ झालं की पाहुण्यांना तिकडे न्यायचं. कालव्याच्या काठानं, भातशेतांमधून तासाभराचा रस्ता. वड इतका जुना आहे की त्याचं मूळ खोडच आता उरलेलं नाही. मामांच्या आजोबांच्या काळात एका वादळात ते पडलं म्हणतात. तोवर पारंब्यांची खोडं झाली होती, त्यांना आणखी पारंब्या फुटल्या. आज मधे मोकळी जागा आहे आणि भोवती सगळी सावलीच सावली.

* * *

नाशिकचा एक ग्रुप आला होता. अर्धा तास सावलीत हिंडले, फोटो काढले, ताक प्यायले. मग त्यांतल्या एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ही झाडं छान आहेत हो. पण ते एक मोठं झाड कधी दाखवणार?"

मी सांगितलं, काकू, हे सगळं मिळून एकच झाड आहे. वरच्या फांद्या दाखवल्या, कुठून कुठे गेल्यात ते दाखवलं. काकू हसल्या. भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर हसतात तशा.

"एवढ्या लांबून आलोय आम्ही," त्या म्हणाल्या.

मी सेल्वमकडे पाहिलं. त्यानं सगळ्यांना व्हॅनमध्ये बसवलं, गावाला वळसा घातला, तळ्यावरून नेलं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच झाडाखाली आणून उभं केलं. काकू उतरल्या. कमरेवर हात ठेवून वर बघितलं.

"हां," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात झाड."

* * *

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो. मूळ खोड कुठलं?

ते नाही म्हटलं की पाहुण्यांचे चेहरे उतरतात. कुणी तर तिकिटाचे पैसे परत मागावेत तसं बघतं, खरं तर तिकीट नाहीच. मग हळूहळू आम्ही प्रत्येकानं आपापलं एक मूळ खोड ठरवून टाकलं. मामांचं पूर्वेकडचं जाड खोड, कारण लहानपणी त्यांच्या वडिलांनी तेच दाखवलं होतं. सेल्वमचं रस्त्याकडचं, कारण तिथे व्हॅन सावलीत राहते. मुत्तम्माचं मूळ खोड म्हणजे जिला तिच्या दुकानाची ताडपत्री बांधलेली आहे ती पारंबी. माझं, जे फोटोत नीट मावतं ते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुण्याचे एक गृहस्थ दुसऱ्यांदा आले, या वेळी व्याह्यांना घेऊन. मामांनी पूर्वेकडचं खोड दाखवलं. गृहस्थांनी फोन काढला, मागच्या खेपेचा फोटो शोधला आणि मामांच्या नाकासमोर धरला.

"मागच्या वेळी तुम्ही हे दाखवलं होतंत."

फोटोत सेल्वमचं खोड होतं. मामांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"तेव्हां तें होतं," मामा शांतपणे म्हणाले.

व्याह्यांना हे इतकं पटलं की त्यांनी दोन्ही खोडांना नमस्कार केला.

* * *

सेल्वमला मराठी मामांनी शिकवली. त्यामुळे तो बोलतो ती मराठी आमच्या घरातली आहे, महाराष्ट्रात ती आता कुणी बोलत नाही. एकदा कॉलेजच्या मुली आल्या. सेल्वम दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "यावें. बसावें. ऊन फार. कांच लावून घ्यावी."

एका मुलीनं मला हळूच विचारलं, "मॅडम, हे काका नाटकात काम करतात का?"

दुपारपर्यंत सगळ्या मुली तसंच बोलायला लागल्या. "ताक प्यावें." "सेल्फी काढावी." "सरकावें जरा." संध्याकाळी स्टेशनवर सेल्वम त्यांना म्हणाला, "पुन्हा यावें," तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. परत येताना तो मला म्हणाला, "अक्का, इतक्या शिस्तीच्या मुली मी पाहिल्या नाहींत."

* * *

मुत्तम्माचा एकच नियम. झाडावर नाव कोरायचं नाही. नुकतं लग्न झालेला एक मुलगा किल्ली काढून खोडाशी उभा राहिला, तशी ती ताकाचा डाव घेऊन धावत आली. तिला मराठी येत नाही, त्याला तमिळ येत नव्हती, पण डाव दोघांनाही कळला. तिनं त्याला ओढत दुकानाशी आणलं, हातात चुन्याचा ब्रश दिला आणि पाटीकडे बोट दाखवलं. लिहायची एवढी हौस आहे ना, मग माझ्या ताकाची जाहिरात लिही तुमच्या भाषेत.

मुलानं मन लावून लिहिलं. सोबत बदामही काढला.

नंतर मुत्तम्मानं मला विचारलं, काय लिहिलंय? पाटीवर होतं, 'संदीपचं प्राजक्तावर प्रेम आहे.' मी म्हटलं, "ताक उत्तम आहे." तेव्हापासून महाराष्ट्रातला प्रत्येक पाहुणा पाटी वाचतो, हसतो आणि ताक पितो. मुत्तम्मा म्हणते, मुलगा आगाऊ होता, पण लिहिलं मनापासून. यात खोटं काहीच नाही.

* * *

आता मामांबद्दल.

मामांना जन्मभर एका प्रश्नानं छळलंय. इथले शेजारी तमिळमध्ये विचारतात, तुमचं गाव कुठलं? मामा म्हणतात, तंजावूर. शेजारी म्हणतात, ते झालं हो, पण मूळ गाव? महाराष्ट्रातले पाहुणेही तेच विचारतात. वाह, तुम्ही मराठी! मग मूळचे कुठले? आमच्या घराण्यात हे कुणालाच ठाऊक नाही. आडनावसुद्धा पुसलं गेलंय, सगळे नुसते राव. चेन्नईला मामांच्या नातीला शाळेत हाच प्रश्न आला, तिनं आजोबांना फोन केला. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मला म्हणाले, "अगे सुधे, एवढें कळलें कीं मी मोकळा."

धागा एकच होता. आमच्या घरच्या लग्नांत बायका एक ओळ म्हणतात: पुढें विहीर, मागें नदी, मधें घोड्यावरचा देव. बाकीचं गाणं हरवलं, ओळ तेवढी राहिली. म्हणून तर मामा व्हॅनमध्ये आधी येऊन बसत. पाहुणे झाड बघत आणि मामा पाहुण्यांना विचारत, "कोण्ट गांव तुमचं? देवळापुढें विहीर आहे कीं? मागें नदी?"

अडचण अशी की निम्म्या लोकांच्या गावात विहीर होती आणि नदीही होती. सांगलीच्या एका काकांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "तुम्ही आमचेच!" पुढच्या आठवड्यात परभणीवाल्यांनीही तेच सांगितलं. वर्षभरात मामांची इतकी मूळ गावं झाली की सेल्वम म्हणाला, "मामा, आतां झाडाची आणि तुमची एकच गत."

मामा हसले नाहीत. मला तेव्हा त्यांचं फार वाईट वाटलं.

* * *

मग कदम सर आले. साताऱ्याकडचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारल्यावर हे पहिले गृहस्थ की ज्यांनी "आमचेच" म्हटलं नाही. उलट त्यांनीच विचारलं, नदी देवळाला अगदी लागून की लांब? घोड्याचं तोंड कुठल्या बाजूला? मामा घरून देव्हाऱ्यातला पितळी टाक घेऊन आले. घोड्याचं तोंड आमच्या टाकात एरवीच्या टाकांपेक्षा उलट्या बाजूला आहे, हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

तिकडचा पावसाळा संपल्यावर सरांचा फोन आला. "व्यंकटराव, विहीर आहे. नदी पायऱ्यांना लागते. खंडोबा आहे आणि घोडं उलट्या तोंडाचं आहे. गावातली काही घराणी दक्षिणेत गेल्याचं म्हातारी माणसं सांगतात. या."

मामांनी दुसऱ्याच दिवशी स्वेटर विकत घेतला. महाराष्ट्रात थंडी असते, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे तेव्हा पंख्याखाली बसूनही घाम येत होता, तरी ते तो घालून बघत आणि आरशासमोरून हलत नसत.

निघायच्या दिवशी सेल्वम स्टेशनवर आला. मुत्तम्मानं ताकात भिजवून वाळवलेल्या मिरच्यांचं पुडकं दिलं होतं. सेल्वमनं ते मामांच्या पिशवीत नीट ठेवलं, पिशवी सीटखाली सरकवली, तरी तो डब्यातून उतरेना.

"तिकडं आवडलें तर?" त्यानं विचारलं.

"आवडेलच कीं," मामा म्हणाले.

गाडी हलली तेव्हा सेल्वम एवढंच म्हणाला, "पुन्हा यावें."

* * *

दोन गाड्या बदलून मामा आणि मी पोचलो. कदम सर जीप घेऊन आले होते. गाव छोटं, उसाचं. वाटेत सरांनी सांगितलं की देवळातल्या गुरवाला त्यांनी मुद्दामच काही सांगितलेलं नाही. आपण मूळचे इथलेच, हे मामांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, अशी सरांची इच्छा होती. शाळेतली काही मुलं हार घेऊन विहिरीच्या मागे उभी केली होती. मामांनी ते सांगितलं की लगेच हार घालायचा, असं ठरलं होतं.

देवळापुढे विहीर होती. मामा वाकून आत बघत राहिले. मग देवळाला वळसा घालून मागे गेले, पायऱ्या उतरले आणि नदीत पाय बुडवून उभे राहिले. अंगात स्वेटर, कपाळावर घाम. मी ती लग्नातली ओळ मनात म्हटली आणि माझेच डोळे भरून आले. मामा मात्र हसत होते. इतकं निवांत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

वर आलो. गाभाऱ्यात देव होता, उलट्या तोंडाच्या घोड्यावर. मामांनी पिशवीतून आमचा टाक काढला, देवाच्या पायाशी ठेवला, नमस्कार केला आणि उचलून परत पिशवीत ठेवला, मिरच्यांच्या पुडक्याशेजारी.

गुरवानं अंगारा लावला. मामांचं बोलणं त्याच्या कानाला वेगळं लागलं असावं.

"लांबून आलेले दिसता," तो म्हणाला. "मूळचे कुठले आपण?"

कदम सरांनी फोन वर धरला, व्हिडिओ सुरू केला. विहिरीमागे मुलांनी हार सरळ केला. मामांनी दारातून विहिरीकडे पाहिलं, मग मागे, नदीच्या बाजूला. मग गुरवाकडे वळले.

"तंजावूर," मामा म्हणाले. "आमच्याकडं एक झाड आहे. या पाहायला. सकाळींच या, उशीर केलात तर ताक संपतें."