पडद्यावर झोपलेली मुलगी

"फोन दाखव," सर म्हणाले.

मी उभी राहिले. जळगावातलं कॉलेज, बी.ए.चं तिसरं वर्ष, मानसशास्त्राचा तास. वर्गात पन्नासेक पोरंपोरी. सरांचं संशोधन चालू होतं, विद्यार्थ्यांचा मोबाइल आणि त्यांची झोप यावर. त्या दिवशी ते एकेकाचा फोन घेऊन कोण दिवसाला किती तास बघतं ते फळ्यावर लिहीत होते. माझा फोन त्यांनी दोन बोटांत धरला. काचेला तडा गेलेला. मागचं झाकण बसत नव्हतं म्हणून रबर लावलेलं.

"नऊ तास चाळीस मिनिटं," सरांनी मोठ्याने वाचलं. मग वर्गाकडे वळले. "बघा. सरकार यांना स्कॉलरशिप देतं, आणि ह्या लोकांची पोरं रील बघत बसतात."

वर्ग हसला.

ह्या लोकांची. मी भिल्लाची. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. वर्गात सगळ्यांना माहीत होतं. स्कॉलरशिपची यादी नोटीस बोर्डावर लागते, नावापुढे जात छापून.

माझ्या आधी एका मुलाचा फोन झाला होता. बाजारपेठेत त्याच्या वडलांचं कापडाचं मोठं दुकान. त्याचे निघाले नऊ तास. सर म्हणाले, "याला दुकानाच्या ऑर्डरी बघाव्या लागतात. धंदाच फोनवर." तेव्हाही वर्ग हसला, पण त्याच्या पाठीवर थाप पडली. माझा फोन टेबलावरून सरकवून दिला.

मी बसले. आकडा खोटा नव्हता.

आम्ही तिघी एका खोलीत भाड्याने राहायचो. तिघींत चालू फोन एक, माझा. नोट्स फोनवर, पुस्तकं फोनवर, कारण लायब्ररीत एकच प्रत आणि ती कायम कुणाकडे तरी गेलेली. एकीचं वाचून झालं की दुसरी घ्यायची. दोघींच्या घरचे फोनही माझ्याच नंबरवर. हे सगळं मिळून नऊ तास चाळीस.

पण मी रीलही बघायचे. हे लपवत नाही. एक मुलगी होती, कुठल्या शहरातली कोण जाणे. ती रोज आपलं सकाळी उठणं दाखवायची. पांढरी चादर, मोठी खिडकी, बाजूला पाण्याची बाटली. ती आठला उठायची. मी तिला बघत पडून राहायचे. बारा वाजायचे, कधी एक. आणि साडेचारला मला उठावं लागायचं, कारण पाचला मेसमध्ये पोळ्या लाटायला जायचं. आठपर्यंत पोळ्या, मग आंघोळ, मग कॉलेज. खोलीचं भाडं त्यातून निघायचं.

तास संपल्यावर सरांनी आम्हा काहीजणांना थांबवलं. एक छापील कागद पुढे केला. इंग्रजीत. "सही कर," म्हणाले.

"काय आहे सर?"

"सर्व्हेचं आहे. इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत, माहीत आहे ना?"

हसत म्हणाले. मीही हसले. आणि सही केली. वाचता आलं असतं मला. थोडं अडखळत, पण आलं असतं. वाचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव पडलं. नऊ-चाळीस. मी वर्गात शिरले की मागून कुणीतरी म्हणायचं, "नऊ-चाळीसची गाडी आली." वर्गाच्या ग्रुपवरही तेच. आता खरं सांगते. त्यानंतर माझा फोन कमी नाही झाला, वाढला. ग्रुपवर माझ्याबद्दल काही पडलं का, हे मी दर पाच मिनिटांनी बघायचे. पोळी तव्यावर टाकून बघायचे. झोपेतून उठून बघायचे. झोप खरी गेली ती तेव्हा. आणि जी रात्री यायची नाही ती दुपारी सरांच्या तासाला यायची.

एकदा बाकावर डोकं टेकलं आणि गेलेच. हसण्याने जागी झाले. तोंडाच्या कडेला लाळ. सर समोर उभे, फोन खिशात टाकत होते. मला वाटलं, किती वाजले ते बघितलं असेल.

दोन महिन्यांनी धुळ्याला एका कॉलेजात चर्चासत्र होतं. सर तिथे निबंध वाचणार होते. कामाला म्हणून त्यांनी आम्हा चौघांना नेलं. कापडवाल्याचा मुलगा हॉलच्या दाराशी नावनोंदणीच्या टेबलावर बसला. दोघी पाहुण्यांना गुलाब द्यायला. सर मला म्हणाले, "तू मागे उभी राहा. ज्यांना प्रश्न विचारायचाय त्यांना माईक नेऊन दे."

मला बरं वाटलं होतं. हेही सांगते. सरांनी नेलं म्हणून बरं वाटलं होतं. आदल्या दिवशी मी रूममेटची ओढणी इस्त्री करून घेतली होती.

हॉल भरलेला. दीडशे माणसं असतील. प्राध्यापक, पीएच.डी.ची मुलं. सर बोलायला लागले. आकडे, तक्ते. मग म्हणाले, "आता एक प्रातिनिधिक उदाहरण बघू."

पडद्यावर मी आले.

बाकावर डोकं. तोंड उघडं. लाळ. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. पण कुर्ता माझाच, हिरवा, बाहीवर ठिगळ लावलेला. शेजारी फोन, रबर लावलेला. वर लिहिलेलं, 'नमुना क्रमांक सतरा'. खाली ओळी. आदिवासी. पहिली शिकणारी पिढी. रोज नऊ तास चाळीस मिनिटं. आत्मसंयमाचा अभाव.

हॉल हसला. मोठ्याने नाही. सुशिक्षित माणसं हसतात तसा.

नावनोंदणीच्या टेबलावरून तो मुलगा वळून माझ्याकडे बघत होता. गुलाबवाल्या दोघी खाली बघत होत्या. त्या मुलाच्या नऊ तासांचा पडद्यावर कुठे पत्ता नव्हता.

बाहेर पळावं असं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माईकसाठी हात वर केला. मी चालत निघाले. त्यांच्यापर्यंत पोचले. माईक दिला नाही.

"मला विचारायचंय," मी म्हणाले.

माझा आवाज सगळीकडून आला. मीच दचकले.

"हा फोटो माझा आहे. नमुना सतरा म्हणजे मी. मी झोपले होते, खरं आहे. फोन बघते, तेही खरं आहे. सर, मी सकाळी किती वाजता उठते हे तुम्ही विचारलं का? तुमच्या कागदावर तो प्रश्न होता का?"

सर हसले. "बेटा, हे आपण नंतर बोलू."

"फोटो काढा," मी म्हणाले. "आधी फोटो काढा."

कुणी हललं नाही. कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने सरांकडे बघितलं. मी माईक धरून उभीच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुढची स्लाइड घ्या." स्लाइड गेली. एका बाईंनी माझ्या हातातून हळूच माईक घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. चहाची सुट्टी झाली.

व्हरांड्यात सर आले. हसू गेलेलं. "सही कुणाची आहे त्या संमतीच्या कागदावर? तुझी. तुझ्यासारख्यांना वर आणायला जावं, तर हे. आता इंटर्नलला बघ." गाडीत मला जागा नव्हती, असं नंतर कापडवाल्याच्या मुलाने येऊन सांगितलं.

मी एस.टी.ने निघाले. अमळनेरला गाडी थांबली तेव्हा आबांना फोन लावला. माझे वडील. दुसऱ्यांच्या केळीत मजुरी करतात. सगळं सांगितलं.

"सरले माफी मांगी ले, बेटा," ते म्हणाले. "मोठा माणूस शे तो."

"मन्हं काय चुकनं, आबा?"

"तुन्हं काही चुकनं नही. तरी मांगी ले."

मी फोन ठेवला. रागावले नाही त्यांच्यावर. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. काही चुकलं नाही, तरी माफी माग. आबा आयुष्यभर हेच करत आले. मळ्याच्या मालकाशी, तलाठ्याशी, दवाखान्यात, माझ्या शाळेच्या ऑफिसात. हात जोडूनच बोलायला सुरुवात करायची. मी त्यांना असं बघतच वाढले. आणि त्या कागदावर न वाचता सही केली तेव्हा मीही तेच केलं होतं. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नाही. घाबरले होते म्हणून.

माफी मी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला. मराठीत, स्वतःच्या हाताने. माझी संमती मी मागे घेते. माझा फोटो आणि माहिती या संशोधनातून काढावी. कुठे छापायला दिली असेल तर तिथूनही काढावी. केलं तसं लेखी द्यावं. ऑफिसात दिला, पोच म्हणून शिक्का मारून घेतला.

इंटर्नलला मला काठावर पास केलं. वीसपैकी आठ. वर्गात आता नऊ-चाळीस म्हणत नाहीत. आता माझ्याशी बोलतच नाहीत.

माझी झोप अजून नीट नाही. फोन अजून हातातून सुटत नाही. ते मला सोडवायचं आहे आणि मी सोडवीन. पण ते माझं काम आहे. त्याचा तमाशा करून कुणी मोठं व्हायचं काम नाही.

अर्जाला उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी अकराला मी ऑफिसात जाते. क्लार्क मला ओळखतो आता.

परवा म्हणाला, "ताई, किती दिवस येणार?"

"फोटो निघाल्याचं लेखी मिळेपर्यंत."

"परीक्षा झाली की तुम्ही कॉलेजातून जाल."

"जाईन," मी म्हणाले. "सोमवारी येईन."