लॉनची भांगलण

आमच्या बेळगावातल्या कॉलनीच्या मधोमध एक लॉन आहे, म्हणजे होती. कॉलनीच्या अध्यक्षांची ती फार लाडकी. निवृत्त झाल्यापासून ते सकाळी उठून नातवाच्या आधी लॉनचं तोंड बघायचे. त्या पावसाळ्यात तिच्यात तण माजलं आणि त्यांनी जाहीर केलं, "सोमवारी तणनाशक मारायचं. दोन दिवस पोरं घरात ठेवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी लेक दीड वर्षाची. तिची जगाशी सगळी ओळख तोंडावाटे व्हायची. माती, मुंगळा, शेजाऱ्यांची चप्पल. लॉनवर सोडली की शेळीसारखी चरायची आणि मी तिच्या तोंडात बोट घालून बसलेली. तिसऱ्या दिवशी त्या गवतावर औषध उरलेलं नसेल, हे मला कोण सांगणार होतं? मी कडकडून भांडले. अध्यक्ष म्हणाले, "मग रविवारी हातानं काढून दाखवा. एक जरी तण दिसलं तरी फवारणी!"

मी येळ्ळूरला आईला फोन लावला. ती हसतच सुटली. "तणाला औषध? मग खुरपं कशाला हाय? ठेव फोन, येतो आम्ही भांगलायला."

रविवारी सकाळी आई टेम्पोभर बायका घेऊन उतरली. जन्मभर भात आणि भुईमूग भांगललेले हात. पदर खोचून साऱ्या ओळीनं बसल्या आणि खुरप्यांबरोबर सुनांच्या कागाळ्याही चालू झाल्या. कॉलनी बाल्कनीत जमली. आनंदानं मला काय करू नि काय नको झालं. मी पोहे करायला घरात पळाले.

तासाभरानं पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि दारातच थबकले. लॉन गायब! स्वच्छ, भुसभुशीत माती आणि कडेला मुळासकट उपटलेल्या गवताचे ढीग. मधेमधे घोळ आणि तांदुळजा मात्र ऐटीत उभे.

"आई, हे काय केलंस गं!"

"भांगललं की. लई गवत माजलंतं. भाजी तेवढी राखली बघ."

"अगं, गवतच राखायचं होतं!"

"गवत राखायचं?" आईनं खुरपं खाली ठेवलं. "म्हस हाय व्हय त्यांची?"

मी पातेल्यासकट पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. अध्यक्ष पूजा अर्धवट टाकून अनवाणीच धावत आले. मातीकडं बघत म्हणाले, "उद्या फवारणी..."

"कशावर?" मी विचारलं.

बाल्कन्यांतून असा हशा उसळला की बिचारे स्वतःही हसले. तोवर पोरं मातीत उतरली होती, त्यांचा नातू सगळ्यांच्या पुढं. माझी लेक दुडुदुडु गेली, घोळीचं पान तोडलं आणि तोंडात घातलं.

"अहो, खाल्लं तिनं!" अध्यक्ष ओरडले.

मी सवयीनं उठले, दोन पावलं गेले आणि परत येऊन पायरीवर बसले. "खाऊ द्या," म्हटलं आणि पोहे वाढायला घेतले.